पालघट देवी

पालघट देवी (पालघाट असेही लिहिले जाते) ही उत्तर कोकणातील वारली आदिवासींची वनस्पती, अंकुरण व प्रजननाची देवता आहे. तिची पूजा प्रामुख्याने चित्ररूपात होते. लग्नप्रसंगी घरातील गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने एक चौरस काढतात. त्याला चौक किंवा लग्नचौक म्हणतात. या चौकाच्या मध्यभागी देवीची अलंकृत मानवाकृती रेखाटली जाते, आणि तिच्या भोवती झाडे, वेली, सूर्य, चंद्र व लग्नघरातील वस्तू असतात. चौक काढल्याशिवाय आणि देवीला आवाहन केल्याशिवाय लग्न लागत नाही, अशी परंपरा आहे.

आज वारली चित्रकला या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कलेचे मूळ या लग्नचौकात आहे. वारली समाज पालघर, ठाणे व नाशिक जिल्ह्यांत, दादरा व नगर हवेलीत आणि दक्षिण गुजरातमध्ये राहतो. मुंबई उपनगर जिल्ह्यातही गोरेगावजवळची आरे वसाहत आणि बोरिवली ते मुलुंड या पट्ट्यातील संजय गांधी राष्ट्रीय उद्यान येथील पाड्यांत वारली कुटुंबांची जुनी वस्ती आहे.

केरळमधील पालक्काड या शहराचे इंग्रजी अमदानीतील नाव पालघाट असे होते. त्या नावाशी या देवीचा संबंध नाही.

नाव

पालघट या नावाचा अर्थ अभ्यासक ‘वनस्पतींनी ओसंडणारा घट’ असा लावतात. ‘पाल’ म्हणजे पाला किंवा पालवी आणि ‘घट’ म्हणजे मडके. या अर्थाने पाहिल्यास देवीचे नाव एखाद्या स्त्रीचे नसून एका वस्तूचे, आणि तीही भरलेल्या, वाढत्या वस्तूचे आहे. भारतीय शिल्पकलेत तोंडातून कमळे व पाने बाहेर पडणारा पूर्णघट हे समृद्धीचे चिन्ह म्हणून सर्वत्र आढळते. पालघटाच्या बाबतीत मात्र घट, वनस्पती व स्त्रीदेह ही तीन चिन्हे शेजारी शेजारी नसून एकाच आकृतीत मिसळलेली असतात. त्यामुळे ‘झाडापानांनी सजवलेली स्त्रीची आकृती’ हे तिचे वर्णन अपुरे पडते. वारली कल्पनेत सजावट आणि देवी यांच्यात असा भेद नाही.

वारली दैवतमंडळात वनस्पती व धान्याशी निगडित इतरही देवता आहेत. कणसरी ही धान्याची देवता आहे. हिरवा हा घरातील देव्हाऱ्यात पुजला जाणारा देव आहे. पाऊस नारनदेवाच्या हाती मानला जातो. धरतरी (धरित्री) व गावतरी (गाय) यांनाही मातेचे स्थान आहे. या सर्वांमध्ये लग्नाच्या भिंतीवर मध्यवर्ती जागा फक्त पालघटाला मिळते.

चौकाची रचना

चौकाची चौकट चौरस किंवा किंचित आयताकृती असते. वारली चित्रांत वर्तुळ, त्रिकोण व चौरस हे तीन मूळ आकार वारंवार येतात. वर्तुळ सूर्यचंद्रावरून आणि त्रिकोण डोंगर व निमुळत्या झाडांवरून घेतला, असे सांगितले जाते. चौरसाला निसर्गात असा आधार नाही. तो माणसाने आखलेला, वेगळा काढलेला, पवित्र केलेला जमिनीचा तुकडा आहे. म्हणून देवी चौरसातच बसते.

सामान्यतः प्रथम चौकट काढली जाते. तिला एकाखाली एक अनेक किनारी असतात. त्यांत साखळीचे दुवे, एकमेकांत अडकलेले त्रिकोण, तिरप्या रेषांची जाळी, ठिपक्यांच्या ओळी आणि लग्नातील बाशिंगाची आठवण करून देणारे टोकदार आकार आढळतात. या किनारी भरण्याचे काम सर्वांत वेळखाऊ असते, कारण पट्टी वापरली जात नाही आणि चुकलेली रेषा पुसता येत नाही. जुन्या भिंतींच्या छायाचित्रांत किनारीची रेषा कुठे जाड, कुठे पातळ आणि कुठे हलकेच वाकडी दिसते. आता बाजारात मिळणाऱ्या चित्रांतील यांत्रिक सरळपणापेक्षा हा हात अगदी वेगळा असल्याचे चटकन लक्षात येते.

चौकटीच्या आत देवी असते. इतर वारली मानवाकृतींप्रमाणे, म्हणजे टोकाला टोक लावलेले दोन त्रिकोण, वर डोक्यासाठी लहान वर्तुळ आणि काटक्यांसारखे हातपाय, अशी ती सहसा नसते. नाचणारी, नांगरणारी, पाणी भरणारी माणसे या त्रिकोणांमुळे हलती वाटतात. दोन त्रिकोण जिथे भेटतात तो कमरेचा बिंदू जणू तोल सांभाळत असतो. पालघट मात्र हलत नाही. ती समोरासमोर उभी असते, तिचे धड मोठे व भरीव असते, आणि ते रेषांच्या जाळीने किंवा नक्षीने भरलेले असते. हात दोन्ही बाजूंना पसरलेले असतात. चेहऱ्यावर नाक, डोळे, ओठ बहुधा नसतात. गावागावाप्रमाणे आणि काढणाऱ्या स्त्रीच्या हाताप्रमाणे या आकृतीत फरक पडतो. देवीचे एकच ‘प्रमाणित’ रूप शोधणे त्यामुळे व्यर्थ ठरते.

चौकाच्या आत उरलेल्या जागेत आणि चौकटीबाहेर झाडे, पक्षी, घोड्यावरील नवरा-नवरी, वाजंत्री, सूर्य व चंद्र, फणी आणि शिडी काढतात. फणी व शिडी ही चिन्हे नवख्या पाहणाऱ्याला गोंधळात टाकतात, पण चौकात ती जवळजवळ नेहमीच असतात.

झाडांची रेखाटन पद्धत लक्ष देण्याजोगी आहे. आधी खोडाची एक रेषा खालून वर जाते, मग तिला फांद्या फुटतात आणि प्रत्येक फांदीवर लहान लहान तिरके फटकारे येतात. पानाची बाह्यरेषा काढून ती आत भरण्याची पद्धत नाही. एक फटकारा म्हणजे एक पान. अशी झाडे फार दाट झाली तरी त्यांच्यातून मागची गेरूची भिंत दिसत राहते, आणि झाड हलके, वाऱ्यावर डुलणारे वाटते. ताड, बांबू यांसारखी झाडे त्यांच्या ठेवणीवरून ओळखता येतात. अनेकदा मात्र झाड कोणते, याला महत्त्व नसते. वाढणे महत्त्वाचे असते.

पंचशिऱ्या

लग्नचौकाजवळ बहुधा एक लहान चौक असतो, त्याला देवचौक म्हणतात. त्यात पंचशिऱ्या हा देव असतो. तो घोड्यासह दाखवला जातो. नावाप्रमाणे तो पाच शिरांचा देव आहे, पण चित्रात ही पाच शिरे पुष्कळदा पाच डोकी म्हणून न दाखवता देहातून वर फुटलेल्या पाच कोंबांप्रमाणे किंवा कणसांप्रमाणे दाखवली जातात. तो शेताचा राखणदार मानला जातो.

मानवाकृतीतून वनस्पती उगवण्याची कल्पना वारली भिंतीवर सर्वांत स्पष्टपणे दिसते ती येथे. पालघटात वनस्पती देहात मुरलेली आहे, पंचशिऱ्यात ती देह फोडून बाहेर आली आहे. दोन्ही चौक एकत्र पाहिल्याशिवाय यांपैकी एकाचाही अर्थ नीट लागत नाही. प्रदर्शनासाठी काढलेल्या चित्रांत देवचौक अनेकदा गाळला जातो, ही त्या दृष्टीने खेदाची बाब आहे.

साहित्य

भिंत हा या चित्राचा पहिला घटक आहे. पारंपरिक वारली घराच्या भिंती कारवीच्या काठ्यांच्या कुडाच्या असतात. कुडाला माती व शेण लिंपले जाते आणि लग्नाच्या वेळी त्यावर गेरू देतात. कारवी हे झुडूप सह्याद्रीत विपुल असून बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही आहे. ते आठ वर्षांतून एकदा सामूहिक रीत्या फुलते. उद्यानात असा बहर २०१६ मध्ये व त्यानंतर २०२४ मध्ये आला.

पांढरा रंग तांदळाचा असतो. तांदूळ भिजवून वाटतात, पाणी घालून पातळ करतात आणि तो भिंतीला धरून राहावा म्हणून झाडाचा डिंक मिसळतात. कुंचल्याऐवजी बांबूची बारीक काडी वापरतात. तिचे टोक चावून किंवा ठेचून त्याचे तंतू मोकळे केले की ती कुंचल्यासारखी चालते. पिठाचा रंग ओला असताना फिकट दिसतो आणि वाळत जातो तसा उजळ होतो. त्यामुळे काढणाऱ्या स्त्रीला आपण काढलेली रेषा नेमकी कशी दिसणार हे काही वेळ थांबल्याशिवाय कळत नाही.

या साहित्याकडे एकत्रितपणे पाहिले तर एक गोष्ट लक्षात येते. कारवीची भिंत, बांबूची काडी, झाडाचा डिंक आणि भाताचा दाणा असे माती, गेरू व शेण सोडल्यास जवळजवळ सर्व काही वनस्पतीचेच आहे. वनस्पतीची देवी वनस्पतीनेच काढली जाते. तांदूळ हे वारल्यांचे मुख्य पीक आणि कणसरीचे रूप. त्याच्या दाण्याने काढलेली रेषा हा त्या अर्थाने नुसता रंग नसतो. पोस्टर रंग किंवा ॲक्रिलिक वापरल्याने चित्र टिकाऊ होते आणि रेषाही सुबक येते, पण हा धागा तुटतो.

चौक जतन करण्यासाठी काढला जात नाही. लग्न झाल्यावर तो भिंतीवर तसाच राहतो, धुराने काळवंडतो, सुटतो, पुढच्या सारवणात झाकला जातो. घरात दुसरे लग्न निघाले तर नवा चौक काढतात.

लग्नविधीतील स्थान

चौक काढण्याचा अधिकार सवाशिणींचा, म्हणजे ज्यांचे पती हयात आहेत अशा स्त्रियांचा असतो. वारली लग्न लावण्याचे काम ब्राह्मण पुरोहिताकडे नसून धवलेरी नावाच्या स्त्री-पुरोहिताकडे असते. ती लग्नाची गाणी म्हणते आणि विधी चालवते. भगत हा पुरुष असतो. त्याच्या अंगात देव येतात आणि तो देवांचे म्हणणे सांगतो. अभ्यासकांनी या विभागणीकडे लक्ष वेधले आहे. पुरुष देव भगताच्या देहात येतात, तर देवी स्त्रियांच्या हातून भिंतीवर येते. कलासमीक्षक यशोधरा दालमिया यांनी वारल्यांच्या चित्रविश्वावरील आपल्या १९८८ च्या इंग्रजी ग्रंथात चौकाचे विस्तृत विवेचन केले आहे. मराठीत गोविंद गारे यांनी वारली चित्रसंस्कृतीवर लेखन केले आहे.

लग्नविधीला वारली समाजात दीर्घकाळ एक आर्थिक बाजूही होती आणि ती चित्राच्या इतिहासातून वगळता येत नाही. लग्नाचा खर्च न झेपल्यामुळे अनेक जोडपी आधी एकत्र नांदू लागत आणि विधी सवडीने, कधी मुले मोठी झाल्यावर, उरकला जाई. क्वचित आईवडील व मुलगा यांची लग्ने एकाच मांडवात लागल्याच्याही नोंदी आहेत. ज्यांनी लग्नासाठी जमीनदाराकडून पैसे घेतले ते त्याचे ‘लग्नगडी’ होत. कर्ज फिटेपर्यंत, म्हणजे बहुधा आयुष्यभर, त्या पुरुषाला आणि त्याच्या बायकोला सावकाराकडे वेठीने राबावे लागे. ठाणे जिल्ह्यात १९४५ मध्ये शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या नेतृत्वाखाली किसान सभेने जो लढा दिला त्यात वेठबिगारीबरोबर लग्नगड्यांची सुटका ही प्रमुख मागणी होती.

समृद्धीची देवी भिंतीवर येण्यासाठी जे लग्न करायचे, तेच लग्न माणसाला गुलाम करत असे. चौकातील घोडा, वाजंत्री, फणी आणि भरगच्च झाडे पाहताना ही गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. वारली चित्रांवरील सचित्र पुस्तकांत ती क्वचितच आढळते.

काळ

वारली चित्रांचे वय सांगताना सहस्रावधी वर्षांचे आकडे दिले जातात आणि मध्य भारतातील भीमबेटका येथील शैलचित्रांशी त्यांची तुलना केली जाते. काड्यांसारख्या मानवाकृतींचे साम्य खरे आहे. मात्र मातीच्या भिंतीवर पिठाने काढलेले आणि काही वर्षांत नाहीसे होणारे चित्र प्राचीन पुरावा मागे ठेवत नाही. साम्य हा सातत्याचा पुरावा नव्हे, आणि म्हणून अशा आकड्यांकडे सावधपणे पाहावे. चौकाची रीत आजीकडून नातीकडे, लग्नामागून लग्नात चालत आली, एवढे मात्र खात्रीने म्हणता येते.

संबंधित परंपरा

मानवाकृती आणि वनस्पती एकरूप करण्याची कल्पना महाराष्ट्रात वारल्यांपुरती मर्यादित नाही. तेर, भोकरदन आदी ठिकाणी सापडलेल्या लज्जागौरीच्या प्रतिमांत देवीचे धड घटासारखे असते. या प्रकारच्या प्रतिमांत डोक्याच्या जागी कमळ असल्याचीही उदाहरणे आहेत. रा. चिं. ढेरे यांनी या देवतेवर ‘लज्जागौरी’ हा ग्रंथ लिहिला. नवरात्रात घटस्थापना करताना घटाभोवती मातीत धान्य पेरतात आणि नऊ दिवसांत त्याला कोंब येतात. भाद्रपदात कोकणात व मुंबईतील अनेक घरांत तेरड्याची रोपे मुळांसकट आणून त्यांनाच मुखवटा व साडी चढवून गौर उभी केली जाते. तेथे तर वनस्पतीच देह होते. घटाच्या आणि गौरीच्या परंपरेत वाढलेल्या मराठी वाचकाला पालघट परकी वाटण्याचे कारण नाही.

महाराष्ट्राबाहेर सर्वांत जवळची तुलना बिहारच्या मिथिला प्रदेशातील कोहबराशी होते. तेथेही लग्नघराच्या भिंतीवर स्त्रिया चित्रे काढतात आणि कमळ व बांबू ही चिन्हे वधूवरांच्या मीलनाची द्योतक असतात. गुजरातमधील राठव्यांचा पिठोरा मात्र नवसाचा असतो आणि तो पुरुष काढतात.

मुंबई उपनगरातील संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातच कान्हेरीची बौद्ध लेणी आहेत. तेथे कमळ धारण केलेल्या अवलोकितेश्वराच्या प्रतिमा आहेत, एका लेण्यातील अवलोकितेश्वर अकरा मुखांचा आहे, आणि लेणे क्रमांक ३४ च्या छतावर बुद्धाच्या चित्राचे अवशेष दिसतात. लेण्यांपासून आदिवासी पाडे काही अंतरावरच आहेत. या दोन परंपरांचा परस्परसंबंध दाखवणारा पुरावा नाही. पण एकाच जंगलात मानवाकृतीला वनस्पतीची जोड देणारे दोन सर्वस्वी वेगळे प्रकार, एक दगडात टिकलेला आणि एक पिठात विरून जाणारा, आढळतात.

भिंतीवरून कागदावर

१९७० च्या दशकाच्या आरंभी चित्रकार भास्कर कुलकर्णी वारली पाड्यांत गेले. त्यापूर्वी १९६० च्या दशकात दुष्काळाच्या काळात पुपुल जयकर यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय हस्तव्यवसाय मंडळाने त्यांना मधुबनीला पाठवले होते. तेथील स्त्रियांना कागद देऊन त्यांच्या भिंतीवरील चित्रांना उत्पन्नाचे साधन बनवण्याचा तो प्रयोग होता. तोच प्रयोग कुलकर्णी यांनी डहाणू तालुक्यात केला.

परिणाम मात्र वेगळा झाला. मधुबनीत चित्रकार स्त्रियाच राहिल्या. डहाणूत कागद पुढे आला तेव्हा सर्वाधिक नाव झाले ते एका पुरुषाचे. गंजाड येथील जिव्या सोमा मशे (१९३४–२०१८) यांनी लग्नाच्या निमित्ताशिवाय, रोज, स्वतःच्या आनंदासाठी चित्रे काढण्यास सुरुवात केली होती. त्यांच्या चित्रांत शेती, मासेमारीचे जाळे, मुंग्यांची वारुळे, आगगाडी, लोककथा असे विषय आले आणि रेषेला अभूतपूर्व गती मिळाली. १९७५ मध्ये मुंबईच्या केमोल्ड कलादालनात त्यांची चित्रे प्रदर्शित झाली. १९७६ मध्ये त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. १९८९ मध्ये पॅरिसमधील ‘मॅजिसियाँ द ला तेर’ या प्रदर्शनात त्यांचा सहभाग होता. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २०१४ मध्ये वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले.

या स्थित्यंतरात पालघटाचे स्थान बदलले. चौकात देवी मध्यभागी होती आणि इतर सर्व तिच्या भोवती होते. कागदावर देवीला आवाहन करायचे नसल्याने तिची आवश्यकता उरली नाही. सवाशिणींनी काठावर काढलेली झाडे, माणसे व पक्षी मध्यभागी आली, तारपा नाचाचे वेटोळे या कलेचे बोधचिन्ह बनले, आणि चौक हा अनेक विषयांपैकी एक विषय झाला. याला केवळ ऱ्हास म्हणणे अन्यायाचे होईल. मशे यांची चित्रे ही स्वतंत्र निर्मिती आहे आणि अनेक कुटुंबांना या कलेने रोजगार दिला. तरीही ज्या स्त्रियांच्या हातून ही रेषा आली त्यांची नावे बहुतांशी नोंदली गेली नाहीत. चौक ही कोणा एकीची कृती मानली जात नसे, त्यामुळे सही करण्याची रीतही नव्हती.

मुंबईच्या उपनगरांत

साष्टी बेटाच्या डोंगराळ मध्यभागातील वारली, कोकणा, मल्हार कोळी इत्यादी आदिवासी वस्त्या मुंबई महानगराच्या विस्तारापूर्वीच्या आहेत. १९४९ मध्ये गोरेगावला आरे दुग्ध वसाहत स्थापन झाली तेव्हा तेथील पाडे तिच्या हद्दीत आले. १९७७ मध्ये या परिसरात चित्रनगरी उभी राहिली. आज आरेमध्ये २७ आदिवासी पाडे असल्याचे सांगितले जाते. सुमारे १०३ चौरस किलोमीटरच्या राष्ट्रीय उद्यानातही पाडे आहेत. या पाड्यांतील रहिवासी भात व भाज्या पिकवतात, जवळच्या उपनगरांत नोकरी-मजुरी करतात आणि वाघदेवाला पुजतात. वाघदेवाच्या कोरीव फळीवर किंवा शिळेवर वाघाबरोबर सूर्य व चंद्र असतात. लग्नचौकाच्या कोपऱ्यातही हीच जोडी आढळते. उद्यानात व आरेत बिबट्यांचा वावर असल्याने येथील वाघदेव केवळ स्मृतीतला राहिलेला नाही.

चौकाच्या दृष्टीने उपनगरातील परिस्थिती दुहेरी आहे. वारली चित्रे उपनगरांत सर्वत्र दिसतात. उड्डाणपुलांचे खांब, शाळांच्या भिंती, गृहसंकुलांची प्रवेशद्वारे, हॉटेले, कुर्ते आणि दिवाळीच्या पणत्या यांवर ती रंगवलेली असतात. पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या औद्योगिक आरेखन केंद्राने आपल्या ‘डी-सोर्स’ या शैक्षणिक प्रकल्पात या कलेचे दस्तऐवजीकरण केले आहे. शाळकरी मुले चित्रकलेच्या तासाला वारली माणसे काढायला शिकतात. ती सर्वांत सोपी म्हणून आधी शिकवली जातात. पण या सार्वजनिक भिंतींवर पालघट क्वचितच दिसते. नाचाचे वेटोळे कुणीही कुठेही काढू शकतो. देवीला मात्र चौक लागतो, निमित्त लागते, आणि तिला बोलावणारी माणसे लागतात.

दुसरीकडे पाड्यांतील घरे बदलली आहेत. विटा-सिमेंटच्या भिंतीवर गेरू व पीठ मातीच्या भिंतीसारखे धरत नाही. राष्ट्रीय उद्यानात वन कायद्यांमुळे जंगलातील काठ्या तोडून कूड घालणे पूर्वीसारखे शक्य राहिलेले नाही. भातखाचरे घटली तशी रंगासाठी घरचा तांदूळ असण्याची शक्यताही घटली.

आरेतील मेट्रो-३ च्या कारशेडचा वाद हा या बदलाचा सर्वाधिक चर्चिला गेलेला टप्पा आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ४ ऑक्टोबर २०१९ रोजी वृक्षतोडीविरुद्धच्या याचिका फेटाळल्यानंतर त्याच रात्री तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने तिला स्थगिती देईपर्यंत २,१०० हून अधिक झाडे तोडली गेली होती. २०२० मध्ये राज्य शासनाने कारशेड कांजूरमार्गला हलवण्याचा आणि आरेतील सुमारे ८०० एकर जागा राखीव वन करण्याचा निर्णय जाहीर केला. २०२२ मध्ये कारशेड पुन्हा आरेतच करण्याचे ठरले. आंदोलनात आदिवासी रहिवासी आघाडीवर होते, आणि फलकांवर व भिंतींवर वारली चित्रे सर्रास वापरली गेली. प्रकल्पाच्या जागेवरील प्रजापूरपाड्यातील कुटुंबांना तत्पूर्वीच इमारतींत हलवण्यात आले होते.

आंदोलनाच्या चित्रांत झाड आणि माणूस यांचे नाते पुन्हा मध्यभागी आले. झाडाला धरून उभी असलेली माणसे हा विषय वारंवार रंगवला गेला. ही चित्रे चौकाच्या परंपरेतील नाहीत. त्यांत देवीचे आवाहन नाही, ती सवाशिणींनीच काढलेली नसतात, आणि ती पाहणाऱ्या शहरवासीयांना उद्देशून आहेत. तरी देहापासून वनस्पती वेगळी काढता येत नाही, हे पालघटाच्या आकृतीतील गृहीतक त्यांत उघडपणे बोलले जाते. चौकात ते बोलून दाखवण्याची गरज नव्हती, कारण तेथे पाहणारे आणि काढणारे एकाच शेतातले होते.

इमारतीतील सदनिकेत लग्न निघाल्यास चौक काढता येतो काय, हा प्रश्न व्यवहाराचा आहे. मातीच्या भिंतीऐवजी कापडावर किंवा पुठ्ठ्यावर गेरू देऊन चौक काढता येतो. प्रदर्शनांसाठी व कार्यशाळांसाठी अशी पद्धत रूढ आहे. कापडावरचा चौक गुंडाळून ठेवता येतो आणि पुन्हा वापरता येतो. भिंतीवरचा चौक मात्र त्या घराचा, त्या लग्नाचा असे, आणि पुढच्या लग्नासाठी तांदूळ पुन्हा भिजत घालावे लागत.